आकाशातून उंबरा दिसत नाही

पितृपक्षात कोणी प्रवासाला निघतं का? कोरेगावात आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांनी मला हे विचारलं, आणि उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, "मद्रासला जाऊन तू खाणार काय?" दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच होतं. तिकीट निघालंय.

माझी भाची अश्विनी, म्हणजे धाकट्या भावाची लेक, चेन्नईला एका संशोधन संस्थेत नोकरीला आहे. ती फोनवर म्हणाली होती, "आत्या, पावसाच्या आत ये. इकडे पाऊस दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो, आणि या पावसात माझी परीक्षा आहे." मला आपलं वाटलं, पोरगी तिशी ओलांडून गेली तरी हिच्या परीक्षा काही संपत नाहीत.

परत आल्यापासून जो तो विचारतोय, समुद्र पाहिलास का, देवळं पाहिलीस का. पाहिली हो. समुद्रात गुडघाभर उभी राहून एक चप्पलही त्याला वाहून दिली. पण खरं सांगायचं तर महिनाभरात मी सगळ्यात जास्त पाहिले ते लोकांचे उंबरे. आता उंबरे पाहायला कोणी इतक्या लांब जातं का, असं तुम्ही म्हणाल. म्हणून तर लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं वाचन सगळं वाणसामानाच्या पुड्यांवरचं. तेव्हा बोलते तसंच लिहीन.

त्रयोदशी

गाडीतलं काही सांगत नाही, गाडी सगळीकडे सारखीच हलते. चेन्नई सेंट्रल स्टेशनवर अश्विनी घ्यायला आली होती. रिक्षावाल्याशी ती तमिळमध्ये अशी काही भांडली की मला वाटलं आता पोलीस येतात. बसल्यावर म्हणाली, "भांडले नाही गं, पत्ता सांगितला."

तिचं घर वेस्ट मांबलमला, दुसऱ्या मजल्यावर. गल्ली अरुंद, पण दोन्ही बाजूंना थोराड झाडं, फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे भर दुपारीसुद्धा खाली सावली. मला गल्ली पाहताक्षणी आवडली. फक्त एक गोष्ट डोळ्यांना खुपली. आपल्याकडे घरात शिरायला पायऱ्या चढाव्या लागतात. इथं शेजारच्या बैठ्या घराला रस्त्यावरून एक पायरी वर चढून मग आत तीन पायऱ्या उतरायच्या होत्या. जणू घराला कोणी खांदे धरून खाली बसवलंय. अश्विनी म्हणाली, "रस्ता दर वेळी जुन्याच्या डोक्यावर नवा होतो ना आत्या, रस्ता वाढत जातो आणि घर राहतं तिथंच."

संध्याकाळी तिनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर रंगांचं गोधडीसारखं काहीतरी होतं. उपग्रहानं वरून टिपलेल्या चित्रांतून तिनं आणि तिच्या बरोबरच्यांनी दोन वर्षं खपून हा नकाशा केला होता. निळं ते सखल, तपकिरी ते उंच. पाऊस पडला की पाणी कुठं जाऊन बसेल हे त्यावरून सांगायचं.

"आणि परीक्षा कसली?"

"आजवर हे सगळं कागदावर होतं. या वर्षी वॉर्डाचे इंजिनिअर म्हणाले, ठीक आहे, तुमच्या नकाशावर चालतो. त्यांच्याकडे या भागासाठी पंप दोनच. एरवी जो फोनवर जास्त ओरडेल त्याच्या दारात पंप जातो. यंदा नकाशा म्हणेल तिथे आधीच नेऊन ठेवायचे. बरोबर ठरलं तर पुढे सगळ्या वॉर्डांत तसं करतील. चुकलं, तर पुन्हा ओरडणाऱ्याचा पंप."

मग तिनं एक जागा दाखवली. निळा रंग लांबट आकारात पसरला होता. "इथं पूर्वी तलाव होता. अजून एका रस्त्याचं नाव लेक व्ह्यू रोड आहे. तलाव दिसत नाही, पण पाण्याला आपली जागा आठवते."

"आणि आपली गल्ली?"

तिनं बोट ठेवलं. तपकिरी. चांगली गडद.

"म्हणजे आपण टेकडीवर राहतो?" मी म्हटलं. "मग ती शेजारची बाई खड्ड्यात कशी उतरते?"

अश्विनी पडद्याशी वाकून गल्ली निरखायला लागली. तिचा नवरा, आमचे जावईबापू, तेवढ्यात शहराबाहेरच्या सिरुसेरीहून ऑफिस आटोपून आले आणि आम्ही जेवायला उठलो.

चतुर्दशी

सकाळी उठून गॅलरीत आले तर खाली शेजारच्या घरासमोर एक बाई सडा घालून रांगोळी काढत होत्या. माझ्याच वयाच्या, सत्तरीला टेकलेल्या. कमरेत वाकून, गुडघे न मोडता, एका हातानं, आणि रेष अशी की सुरुवात कुठं आणि शेवट कुठं कळू नये. मला रांगोळीचं वेड. माझी एक वहीच आहे, ठिपके किती, ओळी किती, सगळं उतरवून घेते. वही घेतली आणि खाली गेले.

त्यांनी मान वर केली आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "यावें. अश्विनीची आत्या ना आपण? पायरी पाहून उतरावें हो, आमचें घर खड्ड्यांत आहे."

मी दारातच थबकले. हे मराठी मी कधी ऐकलं नव्हतं, फक्त आजोबांच्या जुन्या पत्रांत वाचलं होतं. अंबुजाबाई तंजावरकडच्या. घराणं तिकडं जाऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही मोजता येत नाही. मराठी बोलतात ती तमिळच्या चालीवर, वाक्याच्या शेवटी सूर वर नेऊन, आणि मध्ये मध्ये तमिळ शब्द. त्यांची नातवंडं तेवढंही बोलत नाहीत. मला पाहून त्यांना जो आनंद झाला तो बोलायला माणूस मिळाल्याचा होता, आणि मी तर काय, भिंतीशीसुद्धा बोलते.

कॉफी आली, मग डांगर आलं, उडदाच्या पिठाचं, दह्यात कालवलेलं. मी घास घेतला आणि म्हटलं, "हे तर आमचंच!" त्या म्हणाल्या, "आमचें! आपण कुठून आणलें?" यावर आमचा थोडा वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

रांगोळी, तिकडं कोलम म्हणतात, उतरवून घेताना मला एक दिसलं. समोरच्या फ्लॅटच्या बायकांनी कोलम रस्त्यावर काढला होता, दारापुढे, ऐसपैस. अंबुजाबाईंनी मात्र पहिल्या पायरीच्या माथ्यावर, हातभर जागेत.

"अहो, एवढा सुंदर कोलम, आणि एवढ्याशा जागेत का?"

"मळै आली कीं खालीं तण्णी उभें राहतें." पाऊस आला की खाली पाणी साठतं, असं त्या म्हणत होत्या. "कोलम धुवून जातो. सासूबाईंनीं तो वरतीं नेला. मीही वरच घालतें. पाऊस असो, ऊन असो, आतां हाताला तीच जागा ठाऊक."

मी गल्लीत नजर टाकली. जुनी बैठी घरं सहा. सहाही घरांचे कोलम वरच्या पायरीवर. आणि आमची गल्ली म्हणे टेकडी.

सर्वपित्री

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वही घेऊन निघाले. मनात म्हटलं, बघू या, बाकीच्या गल्ल्यांत कोलम कुठं आहेत. चार गल्ल्या फिरले. घर आलं की खूण करायची. रस्त्यावर कोलम तर गोल, पायरीवर तर फुली. कुत्र्यांनी दोन गल्ल्या सोबत केली. फुलवाल्या बाईनं मला म्युनिसिपालिटीची समजून नळाची तक्रार सांगितली, मी तीही वहीत लिहिली.

पण त्या दिवशी अकरा घरं अशी निघाली की कोलमच नाही. मी काय समजले असेन? यांच्याकडे पाणी इतकं येतं की बिचाऱ्यांनी कोलम काढणंच सोडून दिलं. अकरा ठिकाणी दोन दोन फुल्या मारल्या आणि धावत अंबुजाबाईंकडे आले.

त्या ऐकत होत्या, आणि मग अशा हसायला लागल्या की ठसका लागला. "अय्यो कुसुमबाई! आज अमावास्या. तर्पण असलेल्या घरीं आज कोलम घालीत नाहींत. आपल्यांत घालतात काय?"

नाही घालत. श्राद्धाच्या दिवशी आपल्याकडेही दारात रांगोळी नसते. कोरेगावात असते तर मला हे कुणी सांगावं लागलं असतं का? गाव सोडलं की माणूस आपली अक्कलही फाटकापाशी ठेवून येतं. अकरा घरांच्या फुल्या खोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरले. त्या अकरातली दोनच घरं खरी फुलीची निघाली.

रात्री जेवताना वही अश्विनीपुढे ठेवली. तिनं ती उलटसुलट पाहिली. नकाशाशी ताडूनही पाहिली. रेल्वेलाइनच्या बाजूला नकाशात निळं होतं तिथं माझ्या फुल्याच फुल्या. तिचा चेहरा खुलला. मग ती आमच्या गल्लीवर आली आणि चेहरा परत मिटला.

"आत्या, झाडं आहेत."

"म्हणजे?"

"उपग्रह वरून लहरी सोडतो, त्या आपटून परत जातात, त्यावरून उंची कळते. इमारतींच्या गच्च्या मी वजा केल्या होत्या. पण या झाडांचे माथे एकमेकांत मिसळलेत. त्याला ती जमीनच वाटली असणार. नकाशातला एक ठिपका केवढा, आपल्या कोरेगावच्या शाळेच्या मैदानाएवढा. एवढ्या मोठ्या ठिपक्यात ही गल्ली पूर्ण झाडाखाली."

"मग बदल की."

"नाही बदलणार."

मला वाटलं, गर्व आहे, दोन वर्षांच्या कामाला म्हातारीची वही नावं ठेवते म्हणून. तसं मी बोललेही, आणि थोडं लागेल असंच बोलले. तिनं ताट बाजूला सारलं.

"मी याच गल्लीत राहते, आत्या! दुसरा पंप शेजारच्या गल्लीतल्या शाळेच्या मैदानात जाणार आहे. मी आता उठून म्हणू, नकाशा चुकला, पंप माझ्या दारात आणा? काय पुरावा, तर माझ्या आत्यानं रांगोळ्या मोजल्या? उद्यापासून नकाशाला कोण विचारेल? म्हणतील, हा पण ओरडणाऱ्याचाच पंप, फक्त ही इंग्रजीत ओरडते."

मी तिचं ताट परत तिच्यापुढे ओढलं. पोरगी खरं बोलत होती, आणि तिला त्याचा त्रासही होत होता.

नवरात्र

तिकडं नवरात्रात घट नसतात, गोलू असतो. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, देव वरच्या पायऱ्यांवर, माणसं खालच्या, आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन पाहायच्या. गाणं म्हणायचं आणि द्रोणात सुंदल खायचं. सुंदल म्हणजे आपली हरभऱ्याची उसळ, पण कोरडी, वर ओलं खोबरं. मी नऊ दिवसांत इतकं सुंदल खाल्लं की जावईबापूंनी माझ्यासाठी ओव्याची बाटली आणून ठेवली. गाणं म्हणायला सांगितलं की मी भोंडल्याची गाणी म्हणायची. कोणाला काही कळायचं नाही, पण शेवटी टाळ्या.

या निमित्तानं मला घराघरांत शिरायला मिळालं आणि पायऱ्या किती उतरायच्या ते मी वहीत लिहीत गेले.

अंबुजाबाईंच्या गोलूत सगळ्यात खालच्या पायरीवर किराणा दुकानाचा चेट्टियार, म्हणजे आपला वाणी, बसलेला असतो. तसा तो तिकडं प्रत्येक गोलूत असतो, मातीचा, गोल पोटाचा, पुढ्यात डाळी-तांदळाच्या छोट्या राशी. आणि त्याच्या शेजारी त्याची बायको. या चेट्टियाराशेजारी जागा मोकळी होती.

"मालकीण कुठं गेल्या?" मी विचारलं.

"विरघळल्या," अंबुजाबाई म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी, अश्विनी या गल्लीत राहायला यायच्या आधी, पाणी रात्रीतून आत आलं तेव्हा बाहुल्यांची पेटी पलंगाखाली होती. सासूबाईंच्या माहेरच्या बाहुल्या, रंगवलेली कच्ची माती. वरच्या थरातल्या वाचल्या. खालच्या थराचा चिखल झाला. चेट्टियार कसा कोण जाणे, एका पितळी डब्यात अडकून राहिला.

"मग दुसरी बायको आणा त्याला. बाजारात ढिगानं आहेत."

"कशास? पुन्हां बुडवायास?" त्या हसल्या, पण या वेळी ठसका लागण्यासारखं नव्हतं ते हसू. "मुलगा म्हणतो, घर विकावें, वरच्या मजल्यावर फ्लॅट घ्यावा. मी म्हणतें, एक पावसाळा पाहूं. दर वर्षीं म्हणतें. यंदा तण्णी आंत आलें तर मी नाहीं म्हणणार नाहीं."

मी चेट्टियाराकडे पाहिलं. त्याचं आपलं चाललं होतं, डाळ विकणं.

दसऱ्यानंतर

दसरा झाला आणि इंजिनिअर सेल्वराज जागा पाहायला आले. बुटके, घामेजलेले, बोलायला गोड. अश्विनी त्यांना "सार, सार" करत नकाशा दाखवत होती. पहिल्या पंपासाठी रेल्वेलाइनची जागा पक्की झाली. मग तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तिनं वाळूच्या गोण्या ठेवायला सांगितल्या. ती गल्ली सगळी नव्या फ्लॅटची, तक्रार एकही नाही, माझ्या वहीत तिथं सगळे गोल. मी हळूच म्हटलं, "इथं काही येत नाही गं पाणी." ती म्हणाली, "जुन्या तलावाची वाट इथून होती. नव्या इमारतींनी ती बुजवलीय. अजून आलं नाही, पण येईल."

मग शाळेचं मैदान. सेल्वराजांनी तिथं उभं राहून इकडंतिकडं पाहिलं आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. अश्विनीचा चेहरा पडला. मी तिला कोपरानं ढोसलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, इथं पाणी साठलं तर बुडणार कोण? फुटबॉल?"

आता मला राहवेना. माझं तमिळ म्हणजे 'पोदुम पोदुम', पुरे पुरे, एवढंच, तेही जेवताना शिकलेलं. पण वही पुढे केली आणि बोट दाखवून दाखवून सगळं मराठीत सांगितलं, कोलम, पायऱ्या, फुल्या, अमावास्येची चूकसुद्धा. अश्विनी खाली मान घालून ते तमिळमध्ये सांगत गेली, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं. ते तिनं मला नंतर सांगितलं. "सार, मी त्याच गल्लीत राहते, म्हणून मी आजवर बोलले नाही."

सेल्वराज मोठ्यानं हसले. "दुसऱ्या मजल्यावर ना? मॅडम, तुमच्या घरात पाणी यायला अख्खी चेन्नई बुडावी लागेल!" मग गंभीर झाले. "पण मला कोणी विचारलं, पंप इथे का, तर मी काय सांगू? कोलम होता म्हणून? मोजून दाखवा. मोजायचं यंत्र मागवलं तर दोन आठवडे लागतील, आणि पाऊस थांबणार नाही."

माझे यजमान बांधकामावर मुकादम होते. आयुष्यभर त्यांचा डबा घेऊन मी साइटवर गेलेय. मी म्हटलं, "त्यांना विचार, मेस्त्रीकडे लेव्हलची नळी आहे का?" मेस्त्री हा शब्द तमिळमध्येही मेस्त्रीच. सेल्वराजांना तो कळला आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

अर्ध्या तासात त्यांचा मेस्त्री नळी घेऊन आला. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पारदर्शक लांब नळी, आत पाणी भरायचं. दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला उभं राहतं. जमिनीपासून ते पाणी इकडं किती उंच, तिकडं किती, एवढं मोजलं की सखल कोण ते कळतं. मैदानापासून टप्प्याटप्प्यानं आमच्या गल्लीपर्यंत यायचं. मेस्त्रीनं एक टोक धरलं. दुसरं कोणी धरायचं? अश्विनी दोन पावलं मागे सरली, मी नाही हात लावणार म्हणाली. मीही तिचंच माणूस. शेवटी अंबुजाबाई पुढे आल्या, नऊवारीचा काष्टा खोचून. तंजावरकडच्या आपल्या म्हाताऱ्या बायका अजून तसंच नेसतात.

आता हितसंबंध म्हणाल तर सगळ्यात जास्त त्यांचाच होता, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पण नळी खोटं बोलत नाही म्हणतात.

तर ती पहिल्याच फटक्यात बोलली. शेवटच्या टप्प्यात, आमच्या गल्लीच्या मधोमध, माप असं आलं की गल्ली मैदानापेक्षा वीतभर उंच! सेल्वराजांनी कागद मिटायला घेतला. अश्विनीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला तिथल्या तिथं कोरेगावची गाडी पकडावीशी वाटली.

मी अंबुजाबाईंच्या हाताकडे पाहिलं आणि ओरडले, "अहो अंगठा! अंगठा काढा!"

"पाणी सांडेल ना!" त्या म्हणाल्या. नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून उभ्या होत्या. वर्षानुवर्षं चेन्नईत पाण्याचा एकेक थेंब जपलेल्या बाईच्या हातून पाणी सांडायचं कसं?

अंगठा निघाला, नळीतलं पाणी सरकलं. पुन्हा मोजलं. मेस्त्रीनं स्वतः तिसऱ्यांदा मोजलं. गल्ली मैदानापेक्षा दीड वीत खाली, आणि अंबुजाबाईंच्या घराची जमीन गल्लीपेक्षा आणखी दोन वीत खाली. सेल्वराज वाकून ते उंबऱ्याजवळचं माप बराच वेळ पाहत राहिले. मग अंबुजाबाईंना म्हणाले, "पाट्टी, आजी, इतकी वर्षं तुम्ही फोन का नाही केला?"

"केला होता," त्या म्हणाल्या. "पण मज मोठ्यानें बोलतां येत नाहीं."

दुसरा पंप मैदानाऐवजी आमच्या गल्लीत यायचं ठरलं आणि अश्विनीनं त्या संध्याकाळी नकाशा बदलला. गल्ली निळी केली आणि खाली लिहिलं, कशावरून बदलली, कोणी मोजली, आणि बदलणारी इथेच राहते. माझ्या वहीतल्या फुल्याही तिनं त्यावर बारीक ठिपक्यांनी चढवल्या. "ठिपके किती, ओळी किती, ते तू सांग," मला म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली पोरगी.

पाऊस

माझं तिकीट पुढं ढकललं होतं ते याचसाठी. पाऊस आला तो दुपारी, आमच्याकडच्यासारखा भरून येऊन सांगून-सवरून नाही. समुद्रावरून उठला आणि बादली उपडी केल्यासारखा पडायला लागला. दोन दिवस. तळलेली गरम भजी घेऊन मी गॅलरीत बसले होते आणि खाली पाहत होते. पाणी चढत गेलं, पंपाची धडधड चालू झाली, पाणी पहिल्या पायरीला लागलं. तिथं थांबलं. अंबुजाबाई खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर बाहुल्यांची पेटी. दर अर्ध्या तासानं मी वरून ओरडायची, "कुठं आलं?" आणि त्या खालून बोट दाखवायच्या. मोठ्यानं बोलता येत नाही ना. पाणी पायरीच्या माथ्यावर चढलं नाही. आत उतरलं नाही.

रेल्वेलाइनचा पंपही चांगला चालला. शाळेच्या मैदानात घोटाभर पाणी होतं आणि त्यात तीन बदकं पोहत होती.

आणि तिसरी गल्ली? जिथं मी सगळे गोल काढले होते, जिथं पाणी येत नाही असं मी इंजिनिअरसमोर पुटपुटले होते? तिथं पाणी आलं. अश्विनी म्हणाली होती अगदी त्या वाटेनं. गोण्या होत्या म्हणून तळमजल्याच्या गाड्या वाचल्या. मी वही उघडून पाहिली. त्या गल्लीतली माणसं पाच-सहा वर्षांपूर्वी राहायला आलेली. ज्यांना पाणी ठाऊकच नाही, ती कोलम वर कशाला नेतील? माझ्या वहीला झालेलं ठाऊक होतं, व्हायचं होतं ते नाही. तिथं माझी वही नापास आणि अश्विनीचा नकाशा पास. हे मी तिला स्वतः जाऊन सांगितलं, नाहीतर म्हणेल आत्या फक्त आपलंच सांगते.

सेल्वराजांचा फोन आला तेव्हा ती माझ्या हातची भजी खात होती. पुढच्या पावसाआधी आणखी तीन वॉर्डांचे नकाशे हवेत म्हणाले. आणि त्या वॉर्डांसाठी एक वही पण.

"वहीला तूच राहा," अश्विनी मला म्हणाली.

"मला सुंदल बाधतं," मी म्हटलं.

निघताना

निघायच्या दिवशी ऊन पडलं होतं. रस्ता धुऊन स्वच्छ, झाडांवरून अजून थेंब गळत होते. अश्विनी रिक्षा आणायला गेली आणि मी बॅग घेऊन खाली आले. अंबुजाबाई सडा घालत होत्या. सवयीनं पायरीच्या माथ्यावर ओणव्या झाल्या, चिमटीत पीठ घेतलं, आणि थांबल्या. मग एक पायरी उतरल्या. रस्त्यावर आल्या. दोन पावलं मागे जाऊन जागा पाहिली, पुरुषभर रुंद मोकळी जागा, आणि ठिपके टाकायला लागल्या. मी वही काढली, पण मोजायला जमेना, इतके टाकत होत्या. समोरच्या फ्लॅटची बाई गॅलरीत येऊन उभी राहिली. रिक्षा आली ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली, मध्ये कोलम होता ना.

शेवटची रेष पहिल्या रेषेला मिळाली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"कुसुमबाई, पुढल्या नवरात्रास यावें लागेल."

"का हो? आता काय मोजायचंय?"

"मोजायचें कांहीं नाहीं. चेट्टियाराचें लग्न आहे."